मुंजाजीनाना, ती गोणी चुनखडीची नव्हती

नाना, तुम्हाला जाऊन आज एकवीस दिवस झाले. तेराव्याला तुमच्या ओट्यावर बसून जो तो तुमच्याविषयी काहीतरी सांगत होता. कुणी तुमच्या हाताच्या गुणाचं बोललं, कुणी तुमच्या तिखट जिभेचं. पाटलांनी मला विचारलं, "कामदार, तुमी तर लय जवळचे. तुमी कामून गप?" मी म्हटलं, घसा बसलाय. घसा काही बसलेला नव्हता. तुमच्या ओट्यावर खोटं बोलायची मला इतकी सवय झाली आहे, की तुम्ही उठून गेल्यावरही ती सुटली नाही.

म्हणून हे लिहायला बसलो. तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली होती. ती या कागदाच्या माथ्यावरच लिहून टाकली आहे, कारण पुढे कुठेतरी ओघात लिहीन म्हटलं तर मी ती पुन्हा टाळीन. नऊ वर्षं टाळलीच आहे. तुम्हाला वाचता येत नव्हतं, आणि आता तर तुम्ही नाहीच. तेव्हा हे कुणासाठी लिहितोय असं विचाराल, तर मला नीट सांगता येणार नाही.

मी तुमच्या गावी पहिल्यांदा आलो तेव्हा माझी नोकरी तीन महिन्यांची होती. शेतकी महकम्याचा, म्हणजे सरकारी शेतकी खात्याचा, कामदार म्हणजे नक्की काय, हे गावाला ठाऊक नव्हतं आणि मलाही फारसं नव्हतं. परभणीहून झरीपर्यंत सायकल, पुढे चिखल असला की सायकल माझ्या खांद्यावर. अंगात कोट, खिशात उर्दूत छापलेली खतांची माहिती, आणि डोक्यात अशी खात्री की शेतकऱ्यांना सगळं सांगावं लागतं. तुम्ही बांधावर बसून तंबाखू मळत होतात. माझं सगळं भाषण ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "जेवलात का?"

ज्वारीच्या मुलखात तुमची साळ म्हणजे नवल होतं. ओढ्याला बांध घालून कुणा जुन्या माणसानं केलेलं ते तळं, आणि त्याखाली तुमचे सहा वाफे. सरकारी कागदावर तेवढीच जमीन 'तरी', म्हणजे पाण्याखालची. बाकी सगळं गाव खुश्की, पावसाच्या भरवशावरचं. सहा वाफ्यांत पिकून पिकून पिकणार किती? पण त्या साळीवर सगळ्या गावाचा डोळा असायचा, कारण गावातल्या प्रत्येक लग्नाच्या अक्षता तुमच्या वाफ्यांतून जायच्या. लग्नघरची माणसं कुंकू लावलेलं ताट घेऊन यायची, तुम्ही पायलीभर तांदूळ त्यात ओतायचात, आणि ताट परत नेताना कुणी कधी काही देऊ केलं तर तुम्ही रागवायचात. बाजारच्या तांदळाच्या अक्षता टाकल्या असत्या तर गावानं नावं ठेवली असती. मी एकदा हसून म्हटलं, तांदूळ तो तांदूळ, मानवतच्या पेठेतला काय आणि तुमचा काय. तुम्ही हसला नाहीत.

"त्या तांदळाचं शेत कुनी बघितलंय?" तुम्ही म्हणालात. "ज्या जिमिनीचा दाना नवरीच्या डोक्यावर पडतोय, तिच्या पोटात काय गेलं ते आपल्याला ठाव पाह्यजे."

तुमच्या साऱ्या शेतीचं सार त्या वाक्यात होतं, आणि मी ते गावंढळपणा म्हणून सोडून दिलं. खळं झालं की धनगरांना बोलावून वाफ्यांत मेंढरं बसवायची, त्यांच्या लेंड्या आणि मूत जिथल्या तिथे मुरू द्यायचं. ज्येष्ठात मोटेच्या पाण्यावर ताग पेरायचा आणि तो फुलावर यायच्या आत नांगरून चिखलात गाडायचा. वर आठ दिवस पाणी तुंबवायचं. तो सडलेला वास मला सहन व्हायचा नाही. मी नाकाला रुमाल लावला की तुम्ही मुद्दाम आणखी दोन पावलं आत न्यायचात. शेणखताच्या खड्ड्यातलंसुद्धा कुठलं टोपलं कधीचं, हे तुम्हाला पाठ असायचं. शेजारच्या गोठ्यातलं शेण तुम्ही घेत नव्हतात, कारण त्यांच्या गाई दिवसभर कुठं चरतात ते तुम्हाला माहीत नव्हतं.

मी आणलेलं पहिलं खत अमोनियाचं होतं, साखरेसारखं पांढरं. गाव त्याला विलायती मीठ म्हणायला लागलं. तुम्ही चिमूटभर जिभेवर ठेवून थुंकलात आणि विचारलंत की हे कोणत्या समुद्राचं. मी सांगितलं, दगडी कोळसा भाजताना जो वायू निघतो त्याच्यापासून कारखान्यात करतात. कोळसा जमिनीतला, जमिनीतलं जमिनीला द्यायला हरकत नाही, असं ठरवून तुम्ही मला एक वाफा दिलात. आणि मी तुम्हाला सांगायचं विसरलो की दंव वाळल्यावर फेकायचं असतं. तुम्ही भल्या सकाळी, शुभ वेळ म्हणून, ओल्या पानांवर ते फेकलंत. दुसऱ्या दिवशी शेंडे करपले. मी सायकलवरून उतरलो तेव्हा सगळं गाव बांधावर उभं होतं. तुम्ही सगळ्यांना हाकललंत, मला घरी नेलंत आणि जेवायला वाढायला सांगितलंत. पुढच्या दहा दिवसांत त्याच वाफ्याचा रंग असा काळसर हिरवा झाला की तुम्ही मान्य केलंत, ह्या मिठात काहीतरी आहे.

पण तुमचा निकाल वेगळाच होता. "कामदार, तुमचं मीठ म्हंजे चहा हाय. पिला की तरतरी येती. माझं शेन म्हंजे भाकर. भाकर खाऊन कुनी नाचत न्हाई, पन दिसभर काम व्हतंय."

मी म्हटलं, मग दोन्ही द्या. तुम्ही म्हणालात, चहाची सवय लागली की माणसाची भूक मरते. हा वाद आपण चार वर्षं घातला. बांधावर घातला, मोटेवर घातला, तुमच्या घरी पानावर बसून घातला. तुमच्या कारभारणीला मी माय म्हणायचो. माय म्हणायची, ह्या दोघांना खतावाचून दुसरं काही सुचत नाही, जेवताना तरी शेणाचं बोलू नका. तुम्ही बोलायचातच. मी पुस्तकातले आकडे सांगायचो आणि तुम्ही मला मूठभर कुजलेलं खत हातात देऊन म्हणायचात, आता ह्याचा आकडा सांगा. नाना, माझ्या आयुष्यात माझ्याशी इतकं मन लावून कुणी भांडलेलं नाही. माझ्या वडलांनीसुद्धा नाही.

आता ती गोणी.

लढाई सुरू व्हायच्या आदल्या वर्षी वरून हुकूम आला की पाण्याखालच्या साळीवर हाडांच्या भुकटीचा प्रयोग करून दिवाळीनंतर कैफियत, म्हणजे अहवाल, पाठवावी. मानवत रोडच्या स्टेशनावर माझ्या नावानं एक गोणी उतरली. माझ्या हद्दीत खात्रीच्या पाण्यावर साळ करणारी माणसं दोनच. पहिल्यांनी हाडं हा शब्द ऐकला आणि मला पाणीसुद्धा न विचारता दार लावून घेतलं. राहिलात तुम्ही. बैलगाडीत गोणीवर बसून मी तुमच्याकडे येत होतो तेव्हा काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. ठरलं ते तुमच्या फाटकात, तुम्ही गोणीचं तोंड सोडून आत हात घातलात तेव्हा.

"हे कशाचं हाय?"

"चुनखडीचं," मी म्हणालो. भुकटीचा रंग मळकट पांढरा होता, तेवढ्यावर तो शब्द तोंडात आला.

तुम्ही हात नाकाशी नेलात. वास येतोय म्हणालात. मी सांगितलं, स्टेशनच्या गुदामात ही गोणी कातड्यांच्या शेजारी पडली होती, त्याचा वास. पहिलं खोटं जड जातं, दुसरं त्याच्यामागून आपसूक चालत येतं. तुम्ही मान हलवलीत. गोणी अंगणात पसरलीत, गोमूत्र शिंपडलंत, दोन दिवस ऊन दिलंत, आणि तिसऱ्या दिवशी आंघोळ करून स्वतःच्या हातानं ती भुकटी मधल्या वाफ्यात फेकलीत. नंतर त्याच हातांनी वाफ्याला नमस्कार केलात. मी बांधावर उभा राहून वहीत नोंद घेत होतो.

मी स्वतःला काय समजावत होतो ते सांगतो. हाडं आणि शेण, दोन्ही जनावराचंच. बांधावर मेलेल्या बैलाची हाडं पावसात झिजून त्याच मातीत जातात, तिथे तुम्ही पेरता की. हे सगळं मी तुम्हाला तोंडावर सांगू शकलो असतो. तुम्ही दोन दिवस बोलला नसता, मग चार उलटे प्रश्न विचारले असते, आणि शेवटी हो किंवा नाही म्हणाला असता. बहुतेक नाहीच. पण तो तुमचा निर्णय झाला असता. मला वाद हरायचा नव्हता, म्हणून मी तुमच्याशी वादच घातला नाही. ज्या माणसानं चार वर्षं माझ्याशी खरं भांडण केलं, त्याला मी त्या दिवशी भांडण्याच्या लायकीचा समजलो नाही.

त्या साली मधला वाफा असा आला की लोक मुद्दाम बघायला यायचे. लोंब्या ओझ्यानं वाकल्या होत्या. मी कैफियत लिहिली, हाडांच्या भुकटीनं पीक वाढलं असं लिहिलं. वरचे साहेब खूश झाले, माझी नोकरी कायम झाली. फाल्गुनात तुमच्या गोदाचं लग्न निघालं, सोनपेठच्या घराशी. लेकीच्या अक्षतांना तुम्ही सहा वाफ्यांची साळ एकत्र केली नाहीत. मधल्या वाफ्याचीच वेगळी ठेवलीत, कारण तिचा दाणा सगळ्यात भरीव होता. मांडवात तुम्ही स्वतः माझ्या ओंजळीत अक्षता घातल्यात. मंगलाष्टकं चालली होती. मी शिकलेला माणूस, मला त्याचं काय? मी टाकल्या. पण हात घामानं ओला झाला होता, आणि चार दाणे तळव्याला चिकटून राहिले, ते मला झटकून काढावे लागले.

जेवणं झाल्यावर तुम्ही माझ्या डोक्याला फेटा बांधलात आणि सगळ्या पाहुण्यांपुढे म्हणालात, ही साळ ह्या माणसाच्या चुनखडीची. तुम्हाला दुसऱ्याचं श्रेय दाबून ठेवता येत नसे. मी तो फेटा परभणीला येईपर्यंत डोक्यावर ठेवला आणि घरी आल्यावर पेटीत तळाशी घातला.

पुढच्या साली तुम्ही पुन्हा गोणी मागितलीत. मी म्हटलं, आता ती येत नाही. मला वाटलं, विषय मिटला. नंतर माझी एक हंगाम गोदावरीच्या काठाकडे बदली झाली. श्रावणात परत आलो तेव्हा तुमचे सहाच्या सहा वाफे पिवळे पडले होते. केवड्याचा रोग. पानं कागदासारखी फिकट, शिरा तेवढ्या हिरव्या. तुम्ही बांधावर उकिडवे बसला होतात आणि तुमच्या तोंडावर मी पहिल्यांदाच भीती पाहिली.

तुम्ही ओढ्याकाठची चुनखडी खणून आणली होती. दोन गाड्या. मायनं आणि सुनांनी ती उखळात कुटून, चाळणीनं चाळून दिली होती. मायचे तळवे फुटले होते, तिनं हळदीचा लेप लावून चिंध्या गुंडाळल्या होत्या. "तुमी आनली ती एक गोनी," तुम्ही म्हणालात. "म्हनलं, आपल्या हातात हाय तर जादा देऊ. जादा झालं वाटतं."

नाना, इथे मी सांगायला हवं होतं. देवळात कबूल करतात तसं नव्हे, सरळ कामाचं म्हणून. ती चुनखडी नव्हतीच, एवढं एक वाक्य. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, ह्या चुनखडीची जात वेगळी आहे. तुम्ही लगेच मान्य केलंत. तुम्ही माझं सगळंच मान्य करायला लागला होतात, आणि तो माझा विजय म्हणायचा.

मी परभणीला जाऊन आमच्या महकम्यातल्या एका म्हाताऱ्या माणसाला गाठलं. मातीत सगळं आयुष्य काढलेला माणूस. त्यांनी माझी जुनी कैफियत मागवून वाचली आणि हसले. म्हणाले, अरे, आपल्या काळ्या मातीत चुना आधीच इतका, की हाडं तिथे विरघळत नाहीत. आंबट मातीत विरघळतात. तू टाकलेली भुकटी त्या वाफ्यात अजून तशीच पडलेली असेल. मग म्हणाले, त्या साली त्या वाफ्यात आणखी काय वेगळं झालं होतं?

मी आठवत बसलो. त्या साली धनगरांचा कळप अवकाळी पावसात अडकला होता आणि मेंढरं मधल्या वाफ्यात नेहमीपेक्षा पाच मुक्काम जास्त बसली होती. त्या वाफ्यातला ताग कमरेएवढा झाला होता. हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं होतं. कैफियतीत लिहिलं नव्हतं, कारण ती हाडांची कैफियत होती, मेंढरांची नव्हे. म्हणजे ज्या पिकासाठी मी तुम्हाला फसवलं, ते पीक तुमच्याच खताचं होतं. तुम्ही फेटा माझ्या डोक्याला बांधलात, तो धनगराच्या डोक्याला बांधायचा.

उपाय त्या म्हाताऱ्यांनीच सांगितला. कुजलेलं शेणखत आणि हिरवा पाला चिखलात तुडवायचा, पाणी हटू द्यायचं नाही, आणि वरून अमोनियाचं मीठ दोनदा, हलक्या हातानं. त्या मिठाची जात आंबट, चुनखडीच्या मातीत ते उपयोगी पडतं. आपण दोघांनी ते केलं. करंजाचा पाला बैलगाडीनं आणला, ओळींमधून पायानं चिखलात दाबला. मीठ दंव वाळल्यावर फेकलं, आणि त्या आधी वाफ्याची तोंडं बंद केली, नाहीतर वरचं खत पाण्याबरोबर खालच्याच्या पदरात. मीही धोतर वर खोचून उतरलो होतो. तुम्ही मला कसं चालायचं ते शिकवत होतात, कारण मी रोपं तुडवत होतो. पंधरा दिवसांत वाफे हिरवे व्हायला लागले. सहापैकी पाच वाचले.

त्या दिवशी तुम्ही म्हणालात, "हरलो, कामदार. तुमचं मीठ चहा न्हाई. औषध हाय."

मी म्हटलं, औषध एकटं काय करणार, तुमचा पाला नसता तर? तुम्ही खूश झालात. आपला इतक्या वर्षांचा वाद तिथे संपला, दोघंही थोडे थोडे जिंकून. बाहेरून बघणाऱ्याला केवढं छान वाटलं असतं. मला तो वाद संपायला नको होता, कारण तुम्ही हरलात ते माझ्या खोट्यामुळे आजारी पडलेल्या शेतात. आणि गावात तुम्ही सांगत फिरलात की चूक तुमची, तुम्ही अती केलंत. माझं नाव एकदाही घेतलं नाहीत. ह्याबद्दल मी तुमचे आभार कसे मानू? ज्याची चूक माहीत आहे त्याला झाकणं मोठेपणाचं असतं. तुम्हाला तर माहीतच नव्हती.

मग लढाई वाढली आणि मीठ यायचं बंद झालं. तुम्ही पुन्हा मेंढरं आणि ताग यांवर आलात आणि कुरकुर केली नाहीत. गावातली लग्नं होत राहिली, ताटं येत राहिली. मी दर हंगामात यायचो. कधी कधी महकम्याचं काम नसतानाही यायचो. तुमच्याकडे बसलं की मला बरं वाटायचं, आणि निघताना वाईट. दोन्ही खरं आहे.

गेल्या हिवाळ्यात तुम्ही अंथरूण धरलंत तेव्हा एकदा मला जवळ बोलावलंत. मला वाटलं, शेताची निरवानिरव. तुम्ही विचारलंत, "ती तुमची चुनखडी कोन्या खानीची व्हती? तसली मला परत गावली न्हाई."

मी म्हणालो, नांदेडकडं कुठंतरी. तुम्ही म्हणालात, कधी तिकडं गेलात तर मूठभर आणा, एका कोपऱ्यात टाकून बघू. मी हो म्हटलं. मरायला टेकलेल्या माणसाला मी हो म्हटलं, नाना.

दहाव्याला पिंड तुमच्याच साळीचे केले होते. मी ठरवून आलो होतो. कावळा शिवला नाही तर घरची माणसं पुढे होतात, पोराचं नीट करू, म्हातारीला सांभाळू, असं काहीतरी कबूल करतात. मी ठरवलं होतं की सगळ्यांचं बोलून झालं आणि तरी कावळा आला नाही, तर मी पुढे होईन. तिथे, सगळ्यांदेखत. पिंड ठेवून माणसं मागे सरली आणि दोन क्षणांत कावळा उतरला. सगळ्यांनी हात जोडले. कुणी म्हणालं, नानाचं कशात मन अडकलेलं नव्हतं. मी सगळ्यात मागे उभा होतो. तुम्ही मला तेवढीही संधी दिली नाहीत, असं मला वाटलं, आणि मग आपण काय विचार करतोय याची लाज वाटली.

परवा तुमच्या वाफ्यांत लावणी होती. सुतक फिटलं होतं, रोप थांबत नाही. मी सकाळीच गेलो. माय स्वतः रोप लावत होती. दुपारी सगळ्या बाया भाकरी सोडून बसल्या तेव्हा माय जरा बाजूला, मधल्या वाफ्याच्या बांधावर बसली होती. मी तिच्यासमोर बसलो आणि सगळं सांगितलं. हाडं, गुदाम, कातडी, नांदेड, सगळं. काही झाकलं नाही. सांगताना मला हलकं वाटायला लागलं होतं, हेही लिहितो.

तिनं विचारलं, "ह्यान्ला ठाव व्हतं?"

"नाही."

भाकरीचा तुकडा तिच्या हातातच होता. मग म्हणाली, "गोदाचं लगीन त्याच साळीवर लागलं."

मी हो म्हणालो, आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की ती काय विचार करतेय. गोदाची दोन लेकरं गेली. पहिलं पाचवीलाच, दुसरं रांगायला लागल्यावर. दोन्ही वेळा तुम्ही सोनपेठला गेला होतात आणि परत आल्यावर माझ्याशी कितीतरी दिवस नीट बोलला नव्हतात. नऊ वर्षांत त्या अक्षता आणि ती लेकरं, ह्या दोन गोष्टी मी एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. मला त्यांचा काही संबंधच वाटला नव्हता. मायनं त्या एका क्षणात शेजारी ठेवल्या.

मी घाईघाईनं बोलायला लागलो. सांगितलं की आपल्या मातीत हाडं विरघळत नाहीत, त्यातला कणसुद्धा त्या दाण्यात गेला नव्हता, ते पीक मेंढरांचं आणि तागाचं होतं, तांदूळ निखळ होता. लेकरं जातात ती तापानं, घटसर्पानं, त्याचा अक्षतांशी काही संबंध नसतो. यातला शब्द न् शब्द खरा होता. त्या गोणीविषयी तुमच्या माणसांशी मी त्या दुपारी पहिल्यांदा खरं बोलत होतो.

मायनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही.

"चुनखडी बी तुमी असंच सांगितली व्हती, कामदार," ती म्हणाली, आणि पदर खोचून वाफ्यात उतरली.

मी बांधावर बसून राहिलो. ती मधल्याच वाफ्यात लावत होती. तिनं पुन्हा वर पाहिलं नाही, आणि संध्याकाळी मी निघालो तेव्हा जेवून जा म्हणाली नाही.

नाना, मी तुम्हाला वेळेवर सांगितलं असतं तर तुम्ही माझी सायकल ओढ्यात फेकली असती. दोन दिवस माझं तोंड पाहिलं नसतं. मग हाडं, चुना, साळ, गोदा, सगळं डोक्यात फिरवून तिसऱ्या दिवशी तुम्ही काहीतरी ठरवलं असतं, आणि मायनं ते मानलं असतं. तुम्ही काय ठरवलं असतं ते मला माहीत नाही. पण ते ऐकून ती आज रात्री झोपली असती.